तीन नंबरमधला चाप

"ताई, आबा ग्यात..." मंगलचा फोन आला तेव्हा मी जळगावला आमच्या गॅलरीत बसून डाळ निवडत होते. आबा जाऊन तीन दिवस झाले होते, राखसुद्धा सावडून झाली होती. मंगल म्हणजे आबांची सून, धरणगावला असते. "आधी कळवणार होते हो, पण तुमचा नंबरच सापडेना. आज आबांची खोली उघडली तर भिंतीवर लिहिलेला. गेरूनं. रिकाम्या खिळ्याच्या खाली." मग म्हणाली, "शेवटचे दोन दिवस तुमचंच नाव घेत होते. 'बाईले बलाव, तिना शे तो.' एवढंच. ताई, तो तुमचा कसा?" माझ्या हातातलं ताट मांडीवरून घसरलं आणि डाळ फरशीभर झाली. तो काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं. तरी मी फोनवर म्हणाले, "कोण जाणे गं बाई, म्हाताऱ्या माणसाचं काय! येते एकदा." वाचकांनो, हा लेख एका मेलेल्या माणसाबद्दल आहे, पण त्यात माझी लाज बरीच आहे. ती गाळून आबांबद्दल लिहिता येतं का ते दोनदा करून पाहिलं. जमत नाही.

त्यांचं नाव उखर्डू. आमच्या खान्देशात या नावाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. आधीची पाच भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून सहाव्याला आईनं जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, पाठ फिरवून चार पावलं चालली, आणि कुणाचं तरी टाकलेलं पोर सापडावं तसं परत उचलून आणलं. मरणाला फसवायची ही जुनी तऱ्हा. आबा हे सगळं चहा पिता पिता सांगत, हसून सांगत. पण एकदा हसता हसता म्हणाले, "बाई, मना करता मांडेल चाप तसाच राही गया. कोनी सोडाच नही." माझ्यासाठी लावलेला चाप तसाच ताणलेला राहिला, कुणी सोडलाच नाही... अंगावर काटा आला होता माझ्या. त्यांनी मात्र बशी पालथी घातली आणि कामाला लागले.

मी धरणगावला बियाण्यांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. सरकी, ज्वारी, मका, हरभरा, पोत्यांच्या छतापर्यंत थप्प्या. जिथं बियाणं तिथं उंदीर, आणि थप्प्यांच्या मागे जमीन पोखरून आलेल्या घुशी, मांजरालाही भीक न घालणाऱ्या. आबा या गोदामाचे चापवाले. पगारावर नव्हते, पण गावातली गोदामं, जिनिंगवाले, किराणा दुकानदार सगळे त्यांनाच बोलवत. विष ठेवायला त्यांचा ठाम नकार. बियाण्याजवळ विष कशाला, आणि विष खाल्लेला उंदीर भिंतीत जाऊन मरतो, त्याला खाणारं घुबड मरतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे चिकट पुठ्ठे आले, ज्यावर उंदीर पाय अडकून दोन दोन दिवस चिरकत पडतो. ते पाहिल्यावर आबा गोदामाच्या साहेबांवर उखडले होते. "तो चिरकी राह्यना नि तुम्ही चहा पी राह्यनात! मारनं शे तर एक झटकामा मारा. त्याले समजाले नको." त्याला कळायलासुद्धा नको. म्हणून स्प्रिंगचा चाप, आणि म्हणून स्प्रिंग इतकी जपायची की ती अर्धवट कधीच मिटणार नाही. आबांचं सगळं काम या एका गोष्टीसाठी होतं.

तुम्ही घरात उंदराचा चाप वापरला असेल तर उंदीर सापडला की चिमट्यानं टाकायचा, चापावर बादलीभर पाणी ओतायचं आणि माळ्यावर फेकायचा, एवढंच केलं असेल. मी तरी तेच करायचे. आबांची गोष्ट वेगळी. मोसम संपला की ते आपल्या अंगणात तीन दगडांची चूल मांडत, मोठ्या पातेल्यात पाणी आणि कडुनिंबाचा पाला घालून चाप उकळत ठेवत. रक्ताचा वास जायला हवा, आणि त्याहून जास्त माणसाचा. मग राख आणि तारेचा ब्रश, दात न् दात, सांधा न् सांधा. साबण अजिबात नाही, साबणाचा वास उंदराला कोसावरून येतो म्हणत. धुतलेले चाप उघड्या बाजेवर सुतळ्यांवर मांडायचे, म्हणजे पाणी खाली निथळतं आणि वरून ऊन लागतं. वाळले की कोंबडीचं पीस तीळतेलात बुडवून फक्त सांध्याला आणि स्प्रिंगला एक एक थेंब. यंत्राचं तेल नाही, त्यालाही वास. मी एकदा म्हटलं, "आबा, सोन्याचे दागिने सुद्धा कुणी एवढे पुसत नाही हो." ते म्हणाले, दागिने कुणाचा जीव घेत नाहीत.

हे धुणं चालू असायचं तेव्हा एक गोष्ट व्हायची. मी ती दोनदा पाहिली, म्हणून सांगते, नाहीतर कुणाच्या तोंडून ऐकली असती तर चल हट म्हटलं असतं. भर दुपारी, ऐन उन्हात, त्यांच्या अंगणाच्या कुडाखाली उंदीर येऊन बसायचे. खायला काही नाही, सावली नाही. नुसते ओळीनं बसलेले, बाजेकडे तोंड करून, मिशाही न हलवता. मी चप्पल उचलली तर आबांनी हात धरला. "बसू दे व. त्या त्यासना चाप वयखतस." ते आपापले चाप ओळखतात म्हणे. शेवटचा चाप बाजेवर पडला की एक एक करून कुडाखालून निघून जायचे, पळत नाही, चालत. आणि त्या दिवशी गोदामात तुम्ही कान लावून बसा, पोत्यांमागे एक खसखस ऐकू येणार नाही.

चाप ठेवायची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. तिथं पोतं नाही, पेटी नाही, डांबरगोळी तर नाहीच. भिंतीत खिळ्यांच्या रांगा, भिंतीपासून चाप बोटभर पुढे राहील असे लांब खिळे, म्हणजे ओल लागणार नाही. प्रत्येक खिळ्याभोवती त्या त्या चापाचा आकार गेरूनं काढलेला. मी एकदाच दारातून पाहिलं होतं. अंधारी खोली, आणि समोरच्या भिंतीवर मिटलेल्या तोंडांच्या रांगा... छतापर्यंत. मिटलेली, कारण आबांचा पहिला नियमच तो होता. ताणलेला चाप कधीही ठेवायचा नाही. स्प्रिंग ताणून ठेवली की तिचा जोर मरतो, हे तर झालंच. कुणाचा हात जाईल, हेही झालं. पण आबा तिसरं कारण सांगत, आवाज खाली आणून. "ताणेल चाप झोपस नही, बाई." ताणलेला चाप झोपत नाही. वाट बघत राहतो. "अन् कुणी आलंच नाही तर?" मी विचारलं होतं. आबांनी कोंबडीचं पीस धोतराला पुसलं.

दुसरा नियम म्हणजे ज्यानं चाप ताणला, त्यानंच तो सोडायचा. "ज्यानी ताना, त्यानीच सोडाना." चाप तो हात ओळखतो म्हणे. म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी, ज्यानं ज्यानं गोदामात चाप लावले असतील, हमाल असो, चौकीदार असो, त्याला यावंच लागे. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. त्या दिवशी गावात एकही चाप ताणलेला नको, हा आबांचा दंडक. प्रत्येकाच्या हातात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडी. काडीनं चापाची जीभ दाबायची, खट् वाजलं की म्हणायचं, "सुटी." मग ती चावलेली काडी आबांच्या चुलीत. हमाल पोरं आपसात हसायची, "सुटी, सुटी" म्हणून एकमेकांच्या कमरेत कोपर मारायची, पण काडी टाळायची कुणाची छाती नव्हती. मीही हसायचे. मी हसतेच, माझा स्वभावच तो.

आता माझ्यावर येते. अकरा वर्षांपूर्वी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. पट्टी बांधून ते पंधरा दिवस घरात. तीन नंबरच्या गोदामात मागच्या भिंतीला घुशीनं नवं बीळ पाडलेलं, सरकीची पोती फोडायला लागलेली. मी म्हटलं, आबा, सांगा कसं करायचं, मी लावते. त्यांनी आंधळ्यासारखे हात फिरवत मोठा लोखंडी घुशीचा चाप माझ्या हातात दिला, दोन्ही बाजूंना दात असलेला. पायानं कसा दाबायचा, खुंटी कशी अडकवायची, बोटं कुठं ठेवायची नाहीत ते शिकवलं. थप्पी आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत आडवं होऊन, पोट आत घेऊन मी तो लावला. घूस नाही सापडली, पण मला काय अभिमान! चार दिवस सगळ्यांना सांगत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी मात्र माझं ध्यान दुसरीकडे होतं. माझी लेक रूपाली, तिचं लग्न त्याच वर्षी झालेलं, दोंडाईच्याला दिलेली. पहिली आखाजी. दुपारच्या गाडीनं लेक-जावई येणार, आणि मी सकाळी सात वाजेपासून सांजोऱ्या तळून, अंगावर नवी साडी चढवून, तासाभरासाठी गोदामात आले होते. आबा डोळ्याला हिरवा चष्मा लावून गोदामाच्या अंगणात काड्या घेऊन बसलेले. बाकी सगळ्यांचं झालं. मी तीन नंबरमध्ये शिरले, थप्पीजवळ गेले, ती बोळकांडी पाहिली. धूळ, जाळी, अंधार. अंगावरच्या साडीकडे पाहिलं. हातातली काडी मोडून तिथंच पोत्यामागे टाकली आणि बाहेर आले.

"सुटना का?" आबांनी विचारलं.

"सुटला, आबा. सुटी."

त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. पण त्यांनी माझी बोटं नाकाजवळ नेली आणि लहान मुलं फूल हुंगतात तशी हुंगली. हिरव्या चष्म्यामागे काय चाललं होतं कुणास ठाऊक. मग हळूच हात सोडून म्हणाले, "सांजोऱ्या करी राह्यनी का व घर? येलदोडाना वास ई राह्यना." माझ्या बोटांना वेलदोड्याचा वास येत होता. लोखंडाचा नाही, कडुनिंबाचा नाही. मी "हो हो, पाठवते तुम्हाला" म्हणाले आणि धावत सुटले. पाठवल्याही नाहीत.

आखाजी झाली, लेक सासरी गेली आणि माझं मन कुरतडायला लागलं. गोदाम उघडलं त्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेले, बोळकांडीत शिरले, साडीची पर्वा न करता. चाप तिथं नव्हता. धुळीत फक्त त्याचा चौकोनी ठसा. हमालांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. म्हटलं, नेला असेल आबांनी, सोडला असेल. विचारायला तोंड कुठं होतं? आबाही काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. फक्त वर्षाकाठी दोन-तीनदा, चहाचा कप ठेवताना, सहज म्हणायचे, "घर ये एकदा. खोलीमा तुनं एक काम शे." आणि मी म्हणायचे, "येईन आबा, नक्की येईन." कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी ऑडिट. त्यांच्या घरी गेले की ओसरीवरूनच परत. एकदा तर ते खोलीचं दार उघडून उभे राहिले होते, आणि मी गॅसवर दूध ठेवून आले म्हणून सांगितलं. माझ्या घराला तेव्हा कुलूप होतं!

त्यानंतर दर वर्षी एक गोष्ट घडू लागली. आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी, सगळे चाप सुटून, उतरून, धुवायला गेल्यावर तीन नंबरच्या गोदामात आवाज यायचा. खट्. एकदाच. मागच्या भिंतीकडून. पहिल्या वर्षी मी एकटीनं ऐकला आणि पत्रा तापला असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी चौकीदारानंही ऐकला, बॅटरी घेऊन आम्ही दोघं मागं गेलो. काही नाही. तिसऱ्या वर्षी हमालांनी त्या दिवशी दुपारनंतर तीन नंबरमध्ये जायला नकार दिला. मी त्यांना भित्रट म्हणून झापलं, आणि स्वतः मात्र टेबल उचलून एक नंबरमध्ये नेलं. पुढे मी रिटायर होऊन जळगावला आले. आबांचं कामही बंद पडलं होतं, गोदामानं शहरातली कंपनी लावली, तेच चिकट पुठ्ठे. आवाज मात्र चालू होता, चौकीदार फोनवर सांगायचा. मी विषय बदलायचे.

तर मंगलचा फोन आला आणि मी "येते एकदा" म्हणाले. दहाव्याला गेले नाही, ताप आला म्हणून सांगितलं. तेराव्याला गेले नाही, खरंच काही आठवत नाही काय सांगितलं ते. मेलेल्या माणसाशीही मी तीच लबाडी चालवली होती, याहून काय वाईट? आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मंगलचा पुन्हा फोन. या वेळी तिच्या आवाजात रडू होतं. गोकुळनं, म्हणजे आबांच्या मुलानं, भंगारवाल्याला सांगितलंय, आखाजी झाली की सगळे चाप नेईल, खोली भाड्यानं द्यायची आहे. "ते नेऊ द्या हो ताई. पण तो एक... आम्ही कोणी हात नाही लावत. भिंतीतल्या देवळीत ठेवलाय, जाळीमागे. तोंड उघडं आहे त्याचं. आबांनी सांगितलंय, घरात ताणेल चाप असताना घागर भरायची नाही, इतकी वर्षं आम्ही भरलीही नाही. आणि उद्या मला आबांचीच घागर भरायची आहे. पहिली. कशी भरू, सांगा?"

मी फोन ठेवला नाही, तसाच हातात घेऊन बसले. उद्या आखाजी. त्या माणसाच्या नावाची पहिली घागर माझ्यामुळे अडली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना सुटी देणाऱ्या माणसाची. मी गॅस बंद केला, अर्ध्या तळलेल्या सांजोऱ्या तशाच सोडल्या, आणि धरणगावची एसटी पकडली.

मंगल फाटकातच उभी होती. चहा पाणी काही न विचारता मला मागच्या बाजूला घेऊन गेली, आणि चालता चालता तिनं मला ते सांगितलं जे मला अकरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालेलं. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबा गोदामाकडून पायी आले. डोळ्यांवर हिरवा चष्मा, दोन्ही हातांत सूप, आणि सुपात तो मोठा चाप, तोंड उघडलेला. ताणलेला. बाया औक्षणाचं ताट धरतात तसं धरलेलं. वाटेत कुणी हाक मारली तर ओ दिली नाही, पाऊल वाकडं पडू दिलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता. "मी दार उघडलं तर म्हणाले, 'बाजू व्हय, बेटा, हाऊ जागा शे.' बाजूला हो, हा जागा आहे." देवळीत ठेवला, समोर जाळी बांधली, आणि त्याच दिवशी स्वतःची बाज उचलून त्या खोलीत नेली. तेव्हापासून तिथंच झोपत. गोकुळनं भांडण काढलं, शेजारच्यांनी म्हातारा फिरला म्हटलं. आबा म्हणत, तो झोपत नाही, तर कुणीतरी त्याच्याजवळ असायला हवं. मंगलनं विचारलं, मग सोडून का नाही टाकत? "म्हणायचे, मना नही शे तो. येई ती. तिनी सोडाना शे. मी म्हटलं, मग बोलवा ना तिला, सांगा सरळ. तर म्हणे, सांगून सोडला तर काय सोडला?"

अकरा वर्षं त्या माणसानं माझं खोटं उशाशी घेऊन झोप काढली होती. आणि मी त्याला गॅसवर दूध ठेवल्याचं सांगत होते.

खोलीचं दार मंगलनं उघडलं. "आबा गेल्यापासून नंबर घेण्यापुरती एकदा उघडली, बास," ती म्हणाली. तीच भिंत, त्याच मिटलेल्या तोंडांच्या रांगा. मधोमध एक रिकामा खिळा, त्याभोवती गेरूचा मोठा चौकोन, खाली माझा मोबाईल नंबर, थरथरत्या हाताचा. खालच्या बाजेवरची गोधडी तशीच, आणि बाजेचं डोकं देवळीकडे. देवळीत जाळीमागे तो. मी आयुष्यात एवढा स्वच्छ चाप पाहिला नाही. गंजाचा एक ठिपका नाही, दात न् दात चकचकीत. आणि सांध्यावर, स्प्रिंगच्या वळ्यावर, तेलाचा एक एक थेंब. ओला. मी मंगलकडे पाहिलं, मंगलनं माझ्याकडे. आबा जाऊन पंधरा दिवस उलटून गेले होते, आणि वैशाखातल्या आमच्या उन्हात तेल दोन दिवस टिकत नाही. "मी नाही ताई," ती म्हणाली. "देवाशपथ, मी नाही, ह्यांनी नाही."

देवळीच्या कडेला पऱ्हाटीची एक काडी ठेवलेली होती. मोडलेली, दोन तुकडे दोऱ्यानं घट्ट जोडलेले. मी ओळखली. तीन नंबरमध्ये पोत्यामागे मी टाकलेली.

जाळी मी सोडली. मंगलनं कोपराला आधार दिला. मनाशी म्हणत होते, काही होणार नाही, अकरा वर्षं ताणलेली स्प्रिंग, जोर कधीच मेला असेल, आबाच सांगत, नुसती लुळी होऊन पडेल. काडीचं टोक चापाच्या जिभेवर टेकवलं. काही नाही. जरा दाबलं. काही नाही... माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी ठरवले नव्हते. "आबा, मी सोडला नव्हता हो. मी खोटं बोलले." आणि खट्! गोदामभर ऐकू जाईल असा आवाज. भिंतीवरचे सगळे चाप एकदम किणकिणले. काडी दोऱ्याच्या जोडावर नाही, जोडाच्या दोन बोटं पुढं मोडली, कोऱ्या जागी. दात एकमेकांत असे बसले की मधून सुई जाणार नाही. नव्या चापातसुद्धा एवढा जोर मी पाहिला नाही. आबांनी नियम मोडून मधून मधून तो सोडून पुन्हा ताणला असेल, म्हणजे स्प्रिंग मरू नये? त्यांचा स्वभाव पाहता नाही वाटत. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

"सुटी म्हणा, ताई," मंगल हळूच म्हणाली.

"सुटी," मी म्हणाले. आणि मग मी त्या बाजेवर बसून असं रडले, माझ्या आईच्या वेळी रडले नव्हते असं. मंगल पाठीवरून हात फिरवत राहिली. रडून झाल्यावर मी चाप पुसून रिकाम्या खिळ्याला लावला, गेरूच्या चौकोनात तो बरोबर बसला. काडीचे तुकडे मंगलनं चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी तिनं घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आणि मला फोन करून सांगितलं. त्याच फोनवर म्हणाली की भंगारवाल्याला परत पाठवलंय. आदल्या दिवशी परत येताना मी गोदामावरून आले होते. चौकीदार गेटवर बसला होता. म्हणाला, ताई, नवलच झालं, आज दुपारी तीन नंबरमध्ये वाजलंच नाही.

त्या संध्याकाळी रूपाली आली. उरलेल्या सांजोऱ्या मी तिच्यासमोर तळल्या, सारणात मुठीनं वेलदोडा घातला. खाताना ती म्हणाली, "आई, तुझ्या हाताला कसला गं वास? कडुनिंबासारखा." मी तीनदा हात धुतले होते. तो वास चांगला आठवडाभर राहिला.

आता तो गेला. पण एक खोड लागली आहे आणि ती काही जाणार नाही, हे मला माहीत आहे. कुणाला "झालं", "केलं", "दिलं" म्हणाले की उजवा हात आपोआप नाकाशी जातो. भाजीवाली हसते, नातेवाईकांना वाटतं हिला सर्दी आहे. परवा रूपालीनं फोनवर विचारलं, "आई, बीपीची गोळी घेतलीस?" मी म्हणाले, "घेतली." आणि हात नाकाशी गेला. बोटांना चहातल्या वेलदोड्याचा वास होता. "थांब गं जरा," मी तिला म्हणाले, फोन बाजूला ठेवला, उठले, आणि गोळी घेतली.